ठिबकच्या पाईपलाईनमधले जोड: पाणी कोण अडवतो आणि ओढ कोण सोसतो

प्रश्न थोडक्यात असा: 6 एकर डाळिंबाला ठिबक आहे. विहिरीपासून बांधापर्यंत 40 मीटर 90 मिमी एचडीपीई (काळा पॉलिथिलीनचा) पाईप जमिनीवरून आला आहे. तिथून पुढे 400 मीटर 110 मिमी पीव्हीसी, 4 किलोचा (म्हणजे चौरस सेंमीला 4 किलो दाब सोसणारा), रबर रिंगच्या जोडाचा. मग फिल्टर, त्यापुढे 75 आणि 63 मिमीच्या सबमेन (मेनलाईनच्या शाखा) आणि 16 मिमीच्या लॅटरल (झाडांच्या ओळीतल्या नळ्या). तक्रारी चार. एचडीपीईला लागून असलेला पहिला रिंग जोड सकाळी सुटलेला सापडतो. बांधावरचा काटकोनी बेंड पंप बंद होताना उखडतो. फिल्टरजवळच्या एफटीएला (आतून आटे असलेल्या प्लॅस्टिकच्या फिटिंगला) दर हंगामात उभी चीर जाते. आणि सबमेनवरचे टेकऑफ (सबमेनमधून लॅटरलला पाणी देणारे छोटे जोड) निसटतात. कोणता जोड कुठे वापरावा?

चारही बिघाडांचे मूळ एकच आहे. पाईपच्या जोडाला दोन वेगळी कामे असतात. एक, पाणी बाहेर येऊ न देणे. दुसरे, पाईप जोडातून निसटू न देणे. दुकानात आपण फक्त पहिल्या कामाची चौकशी करतो, "गळणार नाही ना?" एवढीच. पण काही जोड पाणी उत्तम अडवतात आणि ओढ मात्र अजिबात सोसत नाहीत. रबर रिंगचा जोड आणि ग्रोमेट-टेकऑफ (भोकातल्या रबरी कड्यात, म्हणजे ग्रोमेटमध्ये, बसवलेला टेकऑफ) हे दोन्ही त्यातलेच. काही जोड दोन्ही कामे करतात, पण चुकीच्या बाजूने ताण आला की फुटतात. आट्यांचा जोड तसा आहे. सोल्युशनचा (पीव्हीसी चिकटवायच्या द्रावणाचा) जोड आणि एचडीपीईचे वेल्डिंग ही दोन्ही कामे सारख्याच ताकदीने करतात. फिटिंग हातात घेतल्यावर आधी हे ठरवा की यात पाणी अडवणारा भाग कोणता आणि पाईप धरणारा कोणता. दुसऱ्याचे उत्तर "कोणताच नाही" असे आले, तर ते काम मातीने, खुंटीने किंवा काँक्रीटने करायचे असते.

जोडाकडे वळण्याआधी मापाचे पाहू, कारण निम्मी गळती चुकीच्या मापाची असते. शेतीचा पीव्हीसी पाईप (आयएस 4985) बाहेरच्या व्यासाने मोजतात: 63 म्हणजे बाहेरून 63 मिमी. बोलताना आपण 63 ला दोन इंची, 75 ला अडीच इंची, 90 ला तीन इंची आणि 110 ला चार इंची म्हणतो. लोखंडी जीआय पाईप दोन इंची घेतला तर तो बाहेरून सुमारे 60.3 मिमी भरतो. घरच्या प्लंबिंगचा शेड्युल 40 किंवा 80 चा दोन इंची यूपीव्हीसी पाईपही तेवढाच. म्हणून घरकामातले उरलेले "दोन इंची" कपलर शेतातल्या 63 ला बसत नाहीत, आणि उलटे केले तर पाईप आत सैल खेळतो. ती फट सोल्युशन ओतून भरत नाही. पाईपवर छापलेले मिमी आणि किलो वाचूनच फिटिंग घ्या. फिटिंगही त्याच किलोची किंवा वरची हवी.

आता सोल्युशनचा जोड. सबमेनसाठी, म्हणजे 75 आणि 63 साठी, हाच वापरा. सोल्युशन हा डिंक नाही. त्यातले द्रावक पीव्हीसीचा पृष्ठभाग मऊ करते, दोन मऊ थर एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर तिथे एकजीव प्लॅस्टिक उरते. ही गोष्ट लक्षात राहिली की बाकीचे नियम आपोआप कळतात. एचडीपीई किंवा लॅटरलच्या काळ्या नळीवर सोल्युशन चालत नाही, कारण पॉलिथिलीन त्यात विरघळतच नाही. धूळ, पाणी किंवा तेल मध्ये असेल तर दोन थर भेटत नाहीत. आणि जोड हलवला तर मिसळू लागलेले थर फाटतात.

पाईप काटकोनात कापा. तिरका कापला तर एका बाजूला पाईप सॉकेटच्या (ज्या तोंडात पाईप बसतो त्याच्या) तळाला टेकतो आणि दुसरीकडे पकडीची लांबी कमी पडते. कापल्यावर आतबाहेरचा भुसा आणि बुरशा (कडेला उठलेले टोकदार कंगोरे) काढा, बाहेरची कड कानशीने थोडी उतरती करा. कड तीक्ष्ण राहिली तर आत जाताना ती सगळे सोल्युशन खरवडून पुढे ढकलते. मग सॉकेटची खोली मोजून पाईपवर पेन्सिलीने खूण करा. ही खोली अंदाजे व्यासाच्या निम्मी अधिक 6 मिमी असते: 63 ला 37.5, 75 ला 43.5, 110 ला 61 मिमी. सोल्युशन न लावता एकदा घालून बघा. हाताने साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश आत जाऊन अडला तर माप बरोबर. खुळखुळत तळापर्यंत गेला तर ते फिटिंग परत करा.

ब्रश पाईपच्या व्यासाच्या निम्म्या रुंदीचा घ्या. डब्याच्या झाकणाला लावलेला छोटा ब्रश 63 च्या पुढे पुरत नाही. पूर्ण वेढा लावेपर्यंत सुरुवातीचे सोल्युशन सुकून जाते. सॉकेटच्या आत पातळ थर, पाईपच्या टोकावर खुणेपर्यंत भरपूर थर. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. सॉकेटमध्ये जास्त ओतले की पाईप आत जाताना ते पुढे ढकलले जाते, आतल्या कडेला साचते आणि तिथली भिंत बरेच दिवस मऊ ठेवते. वर्षभराने पाईप जोडाच्या जवळच फुटला की आपण पाईपला दोष देतो.

दोन्ही थर ओले असतानाच पाईप पाव वळसा देत एका दमात खुणेपर्यंत घाला आणि किमान 30 सेकंद दाबून धरा. सॉकेट आत थोडा निमुळता असतो, म्हणून लगेच सोडला तर पाईप हळूच मागे सरकतो. हे सरकणे डोळ्यांना दिसत नाही, पण पेन्सिलीच्या खुणेवरून कळते. बाहेर आलेले सोल्युशन फडक्याने पुसा. अर्धा तास जोडाला हात लावू नका, 24 तास दाब देऊ नका. लाईनची दोन्ही टोके उघडी ठेवा, म्हणजे आतली वाफ निघून जाईल. ती पेट घेणारी असते, त्यामुळे जवळ बिडी-काडी नको. घट्ट होऊन जेलीसारखे झालेले सोल्युशन फेकून द्या, थिनर घालून पातळ करू नका. मे महिन्यात हे काम सकाळी 10 च्या आत उरका. तापलेल्या पाईपवर सोल्युशनला लगेच साय धरते, आणि साय धरलेले दोन थर मिसळत नाहीत.

पाईपचे तोंड जाळावर शेकून, फुगवून दुसऱ्या पाईपवर चढवायची पद्धत अजून सर्रास दिसते. ती सोडून द्या. 63 मिमी, 4 किलोच्या पाईपची भिंत मुळात दीड मिलिमीटरच्या आसपास. ताणल्यावर ती आणखी पातळ होते, एका अंगाला जास्त, दुसऱ्या अंगाला कमी. जिथे तपकिरी डाग पडतो तिथले प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते. एका कपलरचे पैसे वाचतात आणि पुढे चर उकरायला मजूर लागतात.

110 च्या मेनलाईनला तुम्ही रिंगचा जोड घेतला हे योग्यच केले. ऊन-थंडीने पीव्हीसी दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.07 मिमी लांबतो किंवा आखडतो. 6 मीटरच्या नळाला (पाईपच्या एका अखंड तुकड्याला) 20 अंशांचा फरक पडला तर 8 मिमीहून जास्त. रिंगचा जोड ही हालचाल पोटात घेतो. म्हणूनच त्यात पाईप तळापर्यंत ठोकायचा नसतो. पूर्ण खोलीची खूण करून 10 मिमी अलीकडे थांबायचे. टोक चांगले उतरते करा, खाचेत वाळूचा कण राहू देऊ नका, आणि घालताना साबणाचे पाणी लावा. ऑइल किंवा ग्रीस लावले की पाईप सरकन आत जातो खरा, पण ती रिंग फुगून खराब होते. पाईप जड जात असेल तर पहारीने रेटताना मध्ये लाकडी फळी ठेवा. एकदम अडला तर जोर वाढवू नका, काढून बघा; बहुतेक वेळा रिंग खाचेतून निसटून मुडपलेली असते.

पण ही रिंग पाईप धरत नाही. सरळ लाईनीत त्याने बिघडत नाही, वरची माती पाईप धरते. जिथे पाणी वळते, जिथे लाईन संपते, जिथे व्यास कमी होतो, तिथे दाबाचा रेटा उघड्यावर पडतो. 110 मिमी पाईपचे तोंड सुमारे 95 चौरस सेंमी. साडेतीन किलो दाबाला बंद टोकावर 330 किलोच्या आसपास रेटा येतो आणि काटकोनी बेंडवर त्याच्या 1.4 पट, म्हणजे जवळपास 470 किलो. एवढे ओझे तुमच्या बांधावरचा बेंड नुसत्या भुसभुशीत भरावाच्या आधाराने पेलत होता.

त्यात पंप बंद होतानाचा धक्का. वाहते पाणी एकदम थांबले की दाबाची लाट उठते. 4 किलोच्या पीव्हीसीत पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने वाहत असेल आणि क्षणात थांबले, तर मूळ दाबावर आणखी चारेक किलोचा धक्का बसू शकतो. वीज वारंवार जाते-येते आणि पंपाला ऑटो स्टार्टर असतो तिथे हा प्रकार दिवसातून कितीदा होतो याचा हिशेबच नाही. त्यात वीज आल्यावर अर्धवट रिकाम्या लाईनीत पंप पूर्ण जोराने सुरू होतो आणि अडकलेली हवा दाबली जाते. म्हणून पंपाजवळ नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह आणि प्रत्येक बेंडच्या पाठीमागे काँक्रीटचा ठोकळा, हे तिन्ही लागतात.

ठोकळा बेंडच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे ढकलते तिकडे, न उकरलेल्या घट्ट मातीला टेकून ओतायचा. ओल्या काळ्या मातीत चौरस मीटरला अडीच टनांहून जास्त भरवसा धरू नये. धक्का धरून बेंडवर हजार किलो मोजले, तर मातीला टेकणारी बाजू 60 बाय 60 सेंमीच्या आसपास हवी. कडक मुरमात फूटभर चौकोन पुरतो. 1:3:6 चे (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट चालते. पाईप आणि काँक्रीटमध्ये जाड प्लॅस्टिकचा कागद घाला आणि रिंगचे जोड काँक्रीटबाहेर ठेवा, नाहीतर पुढे गळती सापडली तरी हात पोचत नाही. काँक्रीट आठवडाभर मुरल्याशिवाय लाईनला पूर्ण दाब देऊ नका. 90 अंशांच्या एका बेंडऐवजी 45 चे दोन, थोडे अंतर ठेवून घेतले तर रेटा विभागला जातो, पण ठोकळे दोन्हीकडे लागतातच.

आता पहिला रिंग जोड सुटण्याचे कारण. ते पीव्हीसीत नाही, उन्हात पडलेल्या एचडीपीईत आहे. एचडीपीई पीव्हीसीच्या दुपटीहून जास्त आखडतो, मीटरला दर अंशाला 0.15 ते 0.2 मिमी. काळा पाईप दुपारी तापतो, पहाटे गार होतो. 40 मीटरला 30 अंशांचा फरक धरा: सुमारे 20 सेंमी. दिवसा तो नागमोडी होतो, रात्री ताठ होऊन पीव्हीसीला ओढतो. ओढ न सोसणारा पहिला जोड जिथे भेटतो, तिथे सुटतो. रिंग कितीही नवी घातली तरी हे थांबणार नाही. शक्य असेल तर एचडीपीई पुरा. ते जमत नसेल तर पीव्हीसी सुरू होण्याआधी एचडीपीईवरची फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) किंवा क्लॅम्प काँक्रीटच्या खांबाला पक्की बांधा, आणि एचडीपीई ताठ न ठेवता नागमोडी सोडा. आणखी एक: सुरुवातीचे दोन-तीन पीव्हीसी नळ रिंगऐवजी सोल्युशनने जोडले तर ते एका लांब तुकड्यासारखे मातीत रुतून बसतात.

एचडीपीईचे जोड तीन. कॉम्प्रेशन फिटिंगमध्ये दोन कामांना दोन वेगळे भाग असतात, हे तिथे स्वच्छ दिसते: ओ-रिंग पाणी अडवते, दातेरी चिरलेली रिंग पाईप धरते. नट तीन-चार फेरे सैल करा, पाईपची कड उतरवा, टोक ओले करून ओ-रिंगच्या पुढे अडेपर्यंत घाला, मग नट कसा. पाईप ओ-रिंगपर्यंतच गेला आणि नट कसला तर बाहेरून सगळे ठीक दिसते आणि दाब आल्यावर सुटते. इथेही आधी खूण करून घेणे हाच उपाय. दातेरी रिंग उलटी घातली तर ती पकडतच नाही. ओ-रिंगच्या जागी पाईपवर लांबीच्या दिशेने ओरखडा असेल तर तेवढा तुकडा कापून टाका, कारण नट कितीही आवळला तरी त्या ओरखड्यातून पाणी येतच राहते. नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन लावू नका. ते आटे फक्त आवळण्यासाठी आहेत, पाणी अडवण्यासाठी नाहीत. युनियनच्या (पाईप न कापता उघडता येणाऱ्या जोडाच्या) नटालाही हेच लागू.

दुसरा जोड वेल्डिंगचा. गरम तव्यावर सुमारे 210–220 अंशांना दोन्ही टोके वितळवून एकमेकांवर दाबतात. दोन्ही बाजूंना सारखी गोल कडी उठली आणि दाबाखालीच गार होऊ दिली, तर हा जोड पाईपइतकाच मजबूत असतो. 90 साठी आणि त्यापुढे मी हाच निवडेन. घाईने पाणी ओतून गार करणाऱ्या माणसाला थांबवा. तिसरा जोड फ्लँजचा: एचडीपीईवर स्टब एंड (कॉलर असलेला तुकडा) वेल्ड करून मागे लोखंडी फ्लँज, पीव्हीसीकडे टेल पीस (तसाच पीव्हीसीचा तुकडा) आणि फ्लँज, मध्ये रबरी गॅस्केट. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून कसा. एकाच बाजूचे आधी कसले तर गॅस्केट दुसरीकडे उघडे राहते. एचडीपीई आणि पीव्हीसी भेटतात त्या जागी, 90 ते 110 ला, फ्लँजसारखा दुसरा जोड नाही. विहिरीत पंप लटकवला असेल तर त्याचे वजन दोरावर किंवा तारेवर द्या, पाईपच्या जोडावर नको.

आट्यांचा जोड सगळ्यांत जास्त चुकीचा वापरला जातो, म्हणून त्यावर थोडे जास्त लिहितो. आपल्याकडचे पाईपचे बाहेरचे आटे निमुळते असतात, 16 मिमी लांबीला 1 मिमी व्यास वाढत जातो. एक इंचापासून वर एका इंचात 11 आटे. म्हणजे हाताने घट्ट झाल्यावर प्रत्येक जादा फेऱ्याला आतली पाचर आणखी 0.14 मिमी जाड होते. आत लोखंडी निपल (बाहेरून आटे असलेला पाईपचा तुकडा) आणि बाहेर प्लॅस्टिकचा एफटीए असेल तर लोखंड दबत नाही, प्लॅस्टिकच ताणले जाते. ते त्याच वेळी फुटत नाही. आठवडाभराने, कधी महिन्याने, पंपाच्या धक्क्यांनी उभी चीर जाते. तुमच्या फिल्टरजवळ हेच होते आहे.

यावर नियम सोपा आहे: प्लॅस्टिक आत, लोखंड बाहेर. प्लॅस्टिकचा एमटीए (बाहेरून आटे असलेले फिटिंग) लोखंडी सॉकेटमध्ये बसवा; तिथे प्लॅस्टिक दाबले जाते, ताणले जात नाही. फिल्टरचे तोंड बाहेरच्या आट्यांचे असेल तर त्यावर आधी लोखंडी सॉकेट चढवा आणि त्यात एमटीए घ्या. लहान मापात, म्हणजे अर्धा ते एक इंच, पितळी आटे बसवलेला एफटीए मिळतो, तो लोखंडी निपलवर चालतो. अडीच-तीन इंचाला मात्र फ्लँजचा फिल्टरच घ्या.

टेफ्लॉन टेप आट्यांच्या तोंडाकडून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली तर कसताना गोळा होऊन बाहेर येते. एक इंचापर्यंत चार-पाच वेढे, दोन-अडीच इंचाला रुंद टेपचे सहा ते आठ. पहिला आटा मोकळा सोडा, म्हणजे टेपचे तुकडे पाण्याबरोबर ड्रिपरपर्यंत जाणार नाहीत. हाताने घट्ट झाल्यावर एक ते दीड फेरा पुरे, तोही पट्ट्याच्या पान्याने. दातेरी पाईप पाना प्लॅस्टिकवर चरे पाडतो आणि चीर तिथूनच सुरू होते. गळते म्हणून आणखी कसायचे नाही. उघडून टेप नवीन लावायची. सफेदा आणि सुतळी लोखंडाच्या जोडाला ठीक आहे. प्लॅस्टिकच्या जोडात ओली सुतळी फुगते आणि पाचरीचेच काम करते. आट्यांवर सोल्युशन ओतणारेही असतात. तो जोड पुन्हा उघडत नाही, आणि मऊ झालेला आटा दाबाला टिकतही नाही. एमटीए लावताना आधी आटे कसा, मग त्यात पाईप सोल्युशनने चिकटवा. उलट क्रमाने केले तर कसताना ताजा जोड पिळला जातो.

बाहेरून आलेल्या फिटिंगवर कधी अमेरिकन आटे असतात. अर्धा आणि पाऊण इंचाला दोन्हीकडे इंचाला 14 आटेच असल्याने ते बसल्यासारखे वाटतात, पण आट्यांचा कोन वेगळा असतो, 55 ऐवजी 60 अंश. एक इंचाला 11 ऐवजी साडेअकरा आटे येतात आणि दोन-तीन फेऱ्यांतच अडतात. टेपचे वेढे वाढवून तो फरक बुजत नाही.

फिल्टरबद्दल आणखी दोन गोष्टी. वाळूने आणि पाण्याने भरलेल्या फिल्टरचे वजन पाईपवर लटकत ठेवू नका. खाली विटांचा किंवा काँक्रीटचा ओटा करा, नाहीतर कोणताही जोड टिकणार नाही. आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंना युनियन किंवा फ्लँज ठेवा, म्हणजे दुरुस्तीसाठी पाईप कापावा लागत नाही. व्हेंचुरीतून (पाण्यात खत ओढून घेणाऱ्या नळीतून) ॲसिड किंवा खते सोडत असाल तर त्यापुढे जीआयचे निपल नकोत, ते आतून गंजून खपल्या लॅटरलमध्ये जातात.

सबमेनवरचा ग्रोमेट-टेकऑफ. रबरी ग्रोमेट पाणी अडवते; टेकऑफची काटेरी शेपटी तिला आतून फुगवून ताणते, म्हणून ती गच्च बसते. ओढीला मात्र हा जोड फार कमी पुरतो. लॅटरलची नळीही एचडीपीईसारखीच आखडते. 60 मीटरची लॅटरल दुपारी उन्हात ताठ अंथरली तर पहाटे ती 30 सेंमीपर्यंत आखडायला बघते आणि टेकऑफ उपसते. सकाळी पंप सुरू केल्यावर तो निसटलेला दिसतो, त्याचे कारण हे. लॅटरल सैल अंथरा, 60 मीटरला पाऊण मीटर जास्त धरा, आणि टेकऑफपासून हातभर अंतरावर खुंटी मारा, म्हणजे ओढ तिथेच थांबेल.

भोक पाडताना दोरी धरून सगळी भोके एका रेषेत घ्या, सॉकेटपासून वीतभर लांब. ड्रिल बिट ग्रोमेट बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेल्याच मापाचे घ्या. भोक अर्ध्या मिलिमीटरने मोठे झाले तरी ग्रोमेट सैल बसते. ड्रिल काटकोनात धरा. तिरके धरले तर भोक लांबट होते. तापवलेल्या सळईने पाडलेल्या भोकाच्या कडा वितळून जाड-पातळ होतात, तिथे ग्रोमेट कधीच नीट बसत नाही. भोकाच्या आतल्या बुरशा चाकूने काढा, त्या रबर कापतात. ग्रोमेटची खाच ठरावीक जाडीच्या भिंतीसाठी असते, त्यामुळे स्वस्त म्हणून अडीच किलोचा पातळ पाईप सबमेनला घेतला तर ग्रोमेट हलते. बसवताना साधे पाणी लावा, तेल नको. आत पडलेला भुसा धुवून काढण्यासाठी सबमेनच्या टोकाचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडा. लॅटरल त्यानंतर जोडा.

लॅटरलचे जॉइनर नळीच्या आतल्या व्यासाला बसतात. बाहेरून 16 मिमी असलेल्या सगळ्या नळ्या आतून सारख्या नसतात. जाड आणि पातळ नळी जोडायची असेल तर दोन्ही टोके तपासून जॉइनर घ्या. टोक काडेपेटीने तापवण्याऐवजी गरम पाण्यात बुडवा. पातळ भिंतीच्या इनलाइन (आतच ड्रिपर असलेल्या) नळीला साधा काटेरी जॉइनर पुरत नाही, बाहेरून लॉक नट असलेलाच घ्या.

तुषार संचाचे पाईप तुम्ही विचारले नाहीत, तरी मोकळ्या रानात ते वापरणारे बरेच आहेत म्हणून थोडक्यात. त्यातही दोन कामे दोन भागांत आहेत: ओठाची रबर रिंग पाणी अडवते, बाहेरची क्लॅम्पची पकड पाईप धरते. रिंगचा ओठ पाण्याच्या बाजूला हवा. दाब चढल्यावरच तो ओठ पाईपला चिकटतो, म्हणून सुरुवातीला थोडे गळणे आणि पंप बंद झाल्यावर पाईप रिकामे होणे हे त्याच्या रचनेतच आहे. दाब चढूनही गळत असेल तर रिंग उलटी आहे किंवा खाचेत माती आहे.

शेवटी चाचणी आणि बुजवणे. लाईनला पंप जोडण्याआधी पंपाजवळचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करून गेजवर पंपाचा बंद दाब बघा. पाटीवर 35 मीटर हेड लिहिलेला पंप पूर्ण बंद व्हॉल्व्हवर त्याहून बराच जास्त दाब देऊ शकतो; तो 4 किलोच्या वर जात असेल तर पाईप 6 किलोचा हवा होता, किंवा बायपास (जादा पाणी परत सोडणारी वाट) ठेवा. लाईन भरताना पंपाकडचा व्हॉल्व्ह पाव उघडा आणि फ्लश व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवा, म्हणजे हवा निघून जाईल. मग चालू दाबाच्या दीडपट, पण पाईपच्या किलोच्या आत, तासभर दाब धरा. नळांच्या मधल्या भागावर माती टाकून ठेवा, जोड मात्र उघडे राहू द्या. मातीशिवाय दाब दिला तर रिंगच्या जोडाची लाईन सापासारखी वळते आणि चांगले जोडही सुटतात.

काळ्या मातीत चर किमान अडीच फूट खोल घ्या आणि पाईपच्या खाली-वर मऊ मुरूम किंवा वाळू 10 सेंमी द्या. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि आपल्याबरोबर पाईप हलवते. मुरमाचा थर ती हालचाल जोडापर्यंत कमी पोचू देतो. पहिली फूटभर माती फावड्याने, दगड वेचून टाका, उरलेले जेसीबीने चालेल. सोल्युशनने जोडलेल्या सबमेन सकाळच्या गारव्यात बुजवा. 60 मीटरची सबमेन दुपारी 20 अंशांनी जास्त तापलेली असताना ताठ पुरली तर पाणी आल्यावर तिला आठ सेंमी आखडायचे असते. ती ओढ व्हॉल्व्हजवळच्या टी-जोडावर येते, आणि पुढच्या हंगामात पाणी तिथूनच वर येते.